सी प्रोग्रॅममधून पीआयडीची कमाल मर्यादा कशी शोधावी

प्रत्येक चालू प्रोसेसला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक क्रमांक देतं, तो पीआयडी. हा क्रमांक जास्तीत जास्त केवढा होऊ शकतो, हा प्रश्न सीमध्ये काम करणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. पीआयडी लिहायला बफर केवढा घ्यायचा? पीआयडीवार नोंदी ठेवायच्या तर किती जागा लागेल? कालपर्यंत नीट चालणारा सर्व्हर आज नवी प्रोसेस का काढत नाही? नवशिक्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच समजुतीमुळे होते: उत्तर म्हणजे एकच आकडा, आणि तो कुठल्यातरी हेडर फाइलमध्ये लिहिलेला असणार.

प्रत्यक्षात इथे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पीआयडी ठेवायच्या डेटा टाइपमध्ये केवढी संख्या मावते? चालू असलेलं कर्नल क्रमांक कुठपर्यंत वाढू देतं? आणि तुमच्या प्रोग्रॅमला एकूण किती प्रोसेस काढता येतील? पहिल्याचं उत्तर कंपाइल करतानाच मिळतं, दुसऱ्याचं प्रोग्रॅम चालू असताना कर्नलला विचारावं लागतं, आणि तिसऱ्यासाठी चार ठिकाणी डोकवावं लागतं. काम सुरू करण्याआधी यांपैकी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा.

पुढे फंक्शनं, फाइली आणि स्थिरांकांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. फंक्शनं आणि फाइली लहान अक्षरांत, स्थिरांक मोठ्या अक्षरांत. अंडरस्कोर, आडवी रेघ, टिंब, तिरकी रेघ जिथे दिसेल तिथे तशीच ठेवायची. फक्त ई-रेंज, ई-नोएंट अशा ‘ई-’ने सुरू होणाऱ्या नावांतली आडवी रेघ वाचण्याच्या सोयीसाठी आहे, कोडमध्ये ती गाळायची. नावातलं ‘पिड’ म्हणजे पी, आय, डी ही तीन अक्षरं.

पायरी १ : डेटा टाइपची कुवत

पीआयडीसाठी पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या समाईक मानकात, पिड_टी हा टाइप आहे. सिस/टाइप्स.एच ही हेडर फाइल जोडली की तो मिळतो. तो चिन्हासहित पूर्णांक आहे, म्हणजे ऋण संख्याही धरतो. लिनक्सवर तो साधा इंट असतो, ४ बाइटचा. पण इंट आहे हे माहीत असलं तरी कोडमध्ये इंट लिहू नका, पिड_टीच लिहा. शॉर्ट तर चुकूनही नको: १६ बिटांच्या शॉर्टमध्ये ३२,७६७ च्या पुढचा क्रमांक मावत नाही आणि आजच्या बहुतेक ६४ बिटी मशिनींवर क्रमांक त्याच्या कितीतरी पुढे जातात.

लिमिट्स.एच मध्ये इंट_मॅक्स आहे, लाँग_मॅक्स आहे, पण पिड_टीची कमाल सांगणारा स्थिरांक नाही. सिसकॉन्फ या फंक्शनलाही पॉसिक्सने त्यासाठी प्रश्न दिलेला नाही. सोलॅरिसवर _एससी_मॅक्सपिड असा प्रश्न विचारता येतो, पण ती त्या सिस्टिमची स्वतःची सोय. लिनक्सवर तो कंपाइलच होणार नाही.

म्हणून टाइपची कमाल आपणच काढायची. टाइपचे एकूण बिट म्हणजे साइझऑफ(पिड_टी) गुणिले चार_बिट (इथे ‘चार’ म्हणजे सी, एच, ए, आर; एका बाइटमध्ये किती बिट ते सांगणारा लिमिट्स.एच मधला स्थिरांक). चिन्हासहित टाइपमध्ये सर्वांत वरचा बिट चिन्हासाठी जातो, म्हणून पहिली कल्पना सुचते ती १ ला ‘बिट वजा १’ इतक्या जागा डावीकडे सरकवून त्यातून १ वजा करण्याची. इंटमध्ये हे केलं तर सरकवतानाच ओव्हरफ्लो होतो, आणि सीमध्ये चिन्हासहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो अव्याख्यायित आहे. कंपाइलर काहीही करायला मोकळा. नीट रीत अशी: १ ला ‘बिट वजा २’ जागा सरकवा, त्यातून १ वजा करा, २ ने गुणा आणि १ मिळवा. ३२ बिटांसाठी हिशेब करून बघा. १ तीस जागा सरकला की १,०७,३७,४१,८२४. एक वजा केला, दुप्पट केली, एक मिळवला की २,१४,७४,८३,६४७. मधल्या कुठल्याच टप्प्यावर मर्यादा ओलांडली जात नाही. सुरुवातीचा १ इंटमॅक्स_टी मध्ये कास्ट केलेला असू द्या, म्हणजे उद्या पिड_टी रुंद झाला तरी सूत्र टिकेल.

छापताना सुद्धा हाच विचार. प्रिंटएफमध्ये पिड_टीसाठी खास खूण नाही. किंमत लाँगमध्ये कास्ट करून %एलडी वापरा, किंवा इंटमॅक्स_टी मध्ये कास्ट करून %जेडी. दुसरी रीत जास्त सुरक्षित. कंपाइल करताना -वॉल (यातला डब्ल्यू मोठा) हा पर्याय चालू असेल तर खूण आणि टाइप जुळत नसल्याचा इशारा मिळतो. तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका.

आता बफर. ३२ बिटी पिड_टीची कमाल १० अंकी आहे. उणे चिन्ह आणि शेवटचा शून्य बाइट धरून १२ बाइट लागतात. टाइप बदलला तरी चालावं असं हवं असेल तर एकूण बिट भागिले ३, अधिक ३ असं सूत्र घ्या. ३२ बिटांना ते १३ देतं, म्हणजे एक बाइट जास्त, कमी कधीच नाही.

बफर चुकतो कसा ते एका उदाहरणात बघण्यासारखं आहे. समजा /प्रॉक/१२३४५/स्टॅटस असा पाथ एसप्रिंटएफने बनवायचाय. (/प्रॉक ही कर्नलकडची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी डिरेक्टरी.) इंग्रजी अक्षरांत मोजलं तर सुरुवातीचा /प्रॉक/ हा भाग ६ बाइटचा, क्रमांक ५ अंकी, शेवटचा /स्टॅटस ७ बाइटचा आणि शून्य बाइट १, एकूण १९. कोणीतरी २० चा बफर ठेवतो आणि वर्षानुवर्षं सगळं ठीक चालतं. मग प्रोग्रॅम नव्या मशिनवर जातो, तिथे क्रमांक ७ अंकी होतात, गरज २१ बाइटची होते आणि एक बाइट बफरच्या बाहेर लिहिला जातो. तोही रोज नाही, मशिन बरेच दिवस चालू राहून क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेले की मगच. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून बफर टाइपच्या कमालीवरून ठरवा, एसप्रिंटएफऐवजी एसएनप्रिंटएफ वापरा आणि त्याने परत दिलेली लांबी बफरपेक्षा लहान आहे ना हे तपासा. वरच्या पाथला ३२ बाइट दिले की प्रश्न मिटला.

पायरी २ : चालू कर्नलची मर्यादा वाचणं

लिनक्समध्ये ही मर्यादा /प्रॉक/सिस/कर्नल/पिड_मॅक्स या फाइलमध्ये असते. वाचायला कोणताही विशेष अधिकार लागत नाही. फाइलमध्ये एकच ओळ: दशमान आकडा आणि नवी ओळ.

इथला एक बारकावा हमखास सुटतो. फाइलमधला आकडा म्हणजे सर्वांत मोठा पीआयडी नव्हे, त्याच्या पुढचा आकडा. ३२७६८ लिहिलं असेल तर मिळू शकणारा सर्वांत मोठा क्रमांक ३२,७६७. क्रमांक इथवर पोचले की कर्नल पुन्हा खालून मोकळे क्रमांक शोधू लागतं, पण १ पासून नाही. पहिले ३०० क्रमांक सुरुवातीच्या सिस्टिम प्रोसेससाठी राखलेले असल्यामुळे फेरी ३०० पासून सुरू होते.

वाचायचं फंक्शन लहान आहे, पण प्रत्येक टप्प्यावर तपासणी हवी. एफओपनने फाइल वाचण्यासाठी उघडा. नल पॉइंटर आला तर तिथेच उणे १ परत द्या. इरनो या व्हेरिएबलमध्ये चुकीचं कारण असतंच. ३२ बाइटचा चार (सी, एच, ए, आर) टाइपचा अ‍ॅरे घेऊन एफगेट्सने एक ओळ वाचा आणि फाइल एफक्लोजने बंद करा. मग इरनोमध्ये ० भरा आणि स्ट्रटूएलला (यातलं ‘टू’ म्हणजे टी, ओ) बफर, शेवटच्या जागेचा पॉइंटर आणि पाया १० द्या. परत आल्यावर तीन गोष्टी बघा: इरनो अजून ० आहे का, शेवटचा पॉइंटर बफरच्या सुरुवातीपासून पुढे सरकलाय का, म्हणजे एक तरी अंक वाचला गेला का, आणि तो जिथे थांबला तिथे नवी ओळ किंवा शून्य बाइटच आहे का. तिन्ही ठीक असतील तर किंमत लाँगमध्ये परत द्या. हेडर फाइली लागतात त्या एसटीडीआयओ.एच, एसटीडीलिब.एच आणि इरनो.एच.

एफस्कॅनएफ आणि %डी ने हे काम दोन ओळींत होतं, मग एवढा खटाटोप कशाला? कारण वाचलेली संख्या इंटमध्ये मावली नाही तर एफस्कॅनएफचं वागणं अव्याख्यायित आहे आणि ते तुम्हाला कळवत नाही. स्ट्रटूएल अशा वेळी इरनोमध्ये ई-रेंज ठेवतं. इथे आकडा लहानच असेल, पण हेच फंक्शन तुम्ही पुढे इतर फाइलींसाठी वापरणार आहात.

कोणते आकडे दिसतील? मूळ डीफॉल्ट ३२७६८. जुन्या काळी काही कोड पीआयडी १६ बिटांत साठवायचा, त्याला धक्का लागू नये म्हणून हा आकडा टिकून राहिला. ६४ बिटी कर्नलवर तो २ चा २२ वा घात म्हणजे ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येतो. ३२ बिटी कर्नलवर मात्र ३२,७६८ हीच कमाल. सिस्टिमडी (बहुतेक लिनक्सवर मशिन सुरू करणारा आणि सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) २४३ आवृत्तीपासून ६४ बिटी मशिन सुरू होतानाच ही किंमत ४१९४३०४ करून ठेवतं, म्हणून सध्याच्या बहुतेक डेस्कटॉप आणि सर्व्हरवर हाच आकडा मिळेल. याशिवाय कर्नल सुरू होताना सीपीयूंची संख्याही बघतं. शक्य असलेल्या प्रत्येक सीपीयूमागे १,०२४ धरून येणारा आकडा डीफॉल्टपेक्षा मोठा असेल तर तोच घेतला जातो. ६४ सीपीयूंच्या मशिनवर कोणी काही बदललं नसलं तरी ६५५३६ दिसेल.

इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत सिस/सिससीटीएल.एच ही हेडर फाइल आणि सिससीटीएल फंक्शन वापरलेलं आढळतं. लिनक्सवर त्या वाटेला जाऊ नका. जीलिबसीने, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने, ते फंक्शन आणि ती हेडर फाइल २.३२ आवृत्तीत काढून टाकली, कर्नलनेही ५.५ मध्ये तो सिस्टिम कॉल बंद केला. कंपाइलर ‘फाइल सापडत नाही’ म्हणाला की कारण हेच. तसंच कर्नलच्या स्वतःच्या सोर्समधला पिड_मॅक्स_लिमिट हा स्थिरांक उचलून आपल्या कोडमध्ये चिकटवू नका. तो कर्नल बांधतानाचा आकडा आहे; तुमचा प्रोग्रॅम ज्या मशिनवर चालेल तिथल्या ॲडमिनने काय ठेवलंय ते त्याला माहीत नसतं.

फाइल वाचता आली नाही तर

क्रूटमध्ये (एखादी डिरेक्टरीच मूळ मानून प्रोग्रॅम चालतो तिथे) किंवा अगदी आटोपशीर कंटेनरमध्ये (बाकी मशिनपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेसच्या कप्प्यात) /प्रॉक माउंट केलेलं नसू शकतं. तेव्हा एफओपन अपयशी होतं आणि इरनोमध्ये ई-नोएंट येतो. अशा वेळी ३२७६८ गृहीत धरून पुढे जाणं ही सर्वांत वाईट निवड, कारण खरी मर्यादा त्याहून मोठी असण्याचीच शक्यता जास्त. बफरसाठी मर्यादा हवी होती? मग पहिल्या पायरीतली टाइपची कमाल वापरा, ती कधीच कमी पडत नाही. फक्त माहिती म्हणून दाखवायची होती? मग ‘माहीत नाही’ असं स्पष्ट छापा.

पीआयडीला थेट अ‍ॅरेचा इंडेक्स करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. ४१,९४,३०४ जागा, प्रत्येकी ८ बाइटचा पॉइंटर, म्हणजे ३२ एमबी मेमरी, तीही बहुधा दोनचारशे प्रोसेसच्या नोंदींसाठी. जागेपेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. रूट यूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला, ही मर्यादा मशिन चालू असताना बदलू शकतो. मोठ्या मर्यादेखाली सुरू झालेल्या प्रोसेस मर्यादा खाली आणल्यावरही आपला जुना, मोठा क्रमांक घेऊन चालूच राहतात. म्हणजे पिड_मॅक्स वाचून त्या मापाचा अ‍ॅरे घेतला तरी त्याबाहेरचा जिवंत पीआयडी समोर येऊ शकतो. हॅश टेबल वापरा. अ‍ॅरेच वापरायचा असेल तर प्रत्येक वेळी इंडेक्स हद्दीत आहे का हे तपासा.

कंटेनरमध्ये आणखी एक गुंता. पीआयडी नेमस्पेस म्हणजे पीआयडींची वेगळी मोजणी असलेला कप्पा; त्यात असलेल्या प्रोसेसला आतला क्रमांक वेगळा आणि बाहेरचा वेगळा असतो. गेटपिड आतला क्रमांक देतं. पिड_मॅक्स पूर्वी सगळ्या मशिनसाठी एकच होतं, कर्नल ६.१४ पासून प्रत्येक पीआयडी नेमस्पेसला स्वतःची किंमत ठेवता येते. तरी बाहेरच्या प्रत्येक पातळीवरही प्रोसेसला एक क्रमांक लागतोच, त्यामुळे बाहेरची मर्यादा सुटत नाही.

पायरी ३ : किती प्रोसेस काढता येतील

पिड_मॅक्स ४१९४३०४ दिसला म्हणजे एक्केचाळीस लाख प्रोसेस काढता येतील असं नाही. त्याआधी इतर मर्यादा आड येतात, आणि त्या मोजताना थ्रेडही, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे धागेही, मोजले जातात. लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडला त्याच क्रमांकांच्या साठ्यातून क्रमांक मिळतो. एका प्रोसेसमध्ये २०० थ्रेड म्हणजे २०० क्रमांक खर्च.

पहिली मर्यादा यूजरची. गेटआरलिमिट या फंक्शनला आरलिमिट_एनप्रॉक आणि स्ट्रक्ट आरलिमिटचा पत्ता द्या. हेडर फाइल सिस/रिसोर्स.एच. आरलिम_कर ही चालू मर्यादा, आरलिम_मॅक्स ही तिला वाढवता येईल तिथवरची. किंमत आरलिम_इन्फिनिटी असेल तर मर्यादा नाही. ही तपासणी न करता आकडा छापला तर पडद्यावर वीस अंकी संख्या येते आणि वाचणारा गोंधळतो. आरलिम_टी चिन्हरहित आहे, छापताना यूइंटमॅक्स_टी मध्ये कास्ट करून %जेयू वापरा. ही मर्यादा एका प्रोसेसची नसते, त्या यूजरच्या नावावरच्या सगळ्या प्रोसेस आणि थ्रेड मिळून असते. रूटला ती लागू होत नाही. म्हणून चाचणी रूट म्हणून केली आणि सगळं सुरळीत दिसलं, तर त्यावरून साध्या यूजरचं काहीच सिद्ध होत नाही.

सिसकॉन्फला _एससी_चाइल्ड_मॅक्स विचारलं की लिनक्सवर हीच चालू मर्यादा मिळते, आणि हा प्रश्न पॉसिक्समधला असल्यामुळे इतर सिस्टिमवरही चालतो. पण उणे १ या उत्तराचे दोन अर्थ होतात: चूक झाली, किंवा मर्यादाच नाही. बोलावण्याआधी इरनो ० करा; उत्तर उणे १ आणि इरनो तसाच ० असेल तर ‘मर्यादा नाही’ असं समजा.

दुसरी मर्यादा सगळ्या मशिनची: /प्रॉक/सिस/कर्नल/थ्रेड्स-मॅक्स. इथे अंडरस्कोर नाही, आडवी रेघ आहे; टाइप करताना बरेच जण इथे चुकतात. मशिन सुरू होताना कर्नल हा आकडा मेमरीवरून ठरवतं, थ्रेडसाठी लागणाऱ्या रचनांनी मेमरीच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त जागा घेऊ नये अशा हिशेबाने. कमी मेमरीच्या मशिनवर तो पिड_मॅक्सच्या बराच खाली असतो. वाचायला दुसऱ्या पायरीतलं फंक्शन जसंच्या तसं चालतं, फक्त पाथ पॅरामीटर म्हणून द्या.

तिसरी मर्यादा सीग्रुपची, म्हणजे कर्नल ज्याला एकत्रित मर्यादा लावतं अशा प्रोसेसच्या गटाची. कंटेनर आणि सिस्टिमडीच्या सर्व्हिसेसमध्ये बहुतेक वेळा हीच आधी आडवी येते, म्हणून हिच्यावर जरा वेळ घालवा. दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये आधी /प्रॉक/सेल्फ/सीग्रुप ही फाइल उघडा. त्यात शून्य आणि लागोपाठ दोन विसर्गचिन्हांसारखे कोलन यांनी सुरू होणारी ओळ शोधा, म्हणजे ‘०::’ (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी शून्य). त्यापुढचा भाग हा तुमच्या ग्रुपचा पाथ. शेवटची नवी ओळ काढून टाका. ती राहिली तर पुढची फाइल कधीच उघडणार नाही आणि पाथ छापून बघितला तरी चूक डोळ्याला दिसणार नाही. पाथच्या आधी /सिस/एफएस/सीग्रुप आणि शेवटी /पिड्स.मॅक्स जोडा आणि फाइल वाचा.

या फाइलमध्ये आकडा तरी असतो किंवा मॅक्स हा शब्द, म्हणजे या पातळीवर बंधन नाही. थेट स्ट्रटूएल लावलं तर मॅक्स या शब्दातून ० परत येतं आणि तपासणी नसेल तर प्रोग्रॅम ‘मर्यादा ०’ असं बिनदिक्कत सांगतो. आधी स्ट्रएनसीएमपीने तो शब्द आहे का ते बघा, मग आकडा वाचा. वरच्या प्रत्येक ग्रुपची मर्यादाही तुम्हाला लागू असते, म्हणून पाथमधला शेवटचा तुकडा काढत काढत मुळापर्यंत जा आणि प्रत्येक पातळीवर हीच फाइल वाचा. मूळ ग्रुपमध्ये ही फाइल नसते. तिथे ई-नोएंट आला तर ती चूक नव्हे. शेजारच्याच पिड्स.करंट फाइलमध्ये सध्या किती क्रमांक वापरात आहेत ते मिळतं. सिस्टिमडी सर्व्हिसला काही सांगितलं नसेल तर ही मर्यादा पिड_मॅक्स, थ्रेड्स-मॅक्स वगैरेंपैकी सर्वांत लहान आकड्याच्या १५ टक्के ठेवतं. ३२,७६८ चे १५ टक्के म्हणजे ४,९१५. भरपूर थ्रेड काढणाऱ्या सर्व्हरला हा आकडा पुरत नाही.

मॅकओएस आणि फ्रीबीएसडी

इथे /प्रॉकच्या फाइलींवर विसंबता येत नाही, सिससीटीएलबायनेम हे फंक्शन वापरायचं. फ्रीबीएसडीवर नाव द्यायचं कर्न.पिड_मॅक्स, त्याची वरची हद्द ९९,९९९ आहे. मॅकओएसवर क्रमांक पाच अंकांपलीकडे जात नाहीत. प्रोसेसची संख्या किती असू शकते हे दोन्हीकडे कर्न.मॅक्सप्रॉक आणि एका यूजरसाठी कर्न.मॅक्सप्रॉकपरयूआयडी सांगतं. फंक्शनला एक इंट, त्याचा पत्ता आणि साइझ_टी टाइपच्या व्हेरिएबलमध्ये त्याची लांबी द्या. लांबीत साइझऑफ(इंट) आधीच भरलेलं असलं पाहिजे; ते रिकामं सोडलं तर त्यात जो काही कचरा असेल तोच बफरचा आकार समजला जातो. हा सगळा भाग प्रीप्रोसेसरच्या अटींत घाला, म्हणजे लिनक्सवर तो कंपाइलच होणार नाही.

पायरी ४ : प्रोग्रॅम तपासणं

तुमच्या प्रोग्रॅमने छापलेला आकडा आणि टर्मिनलवर कॅट आदेशाने दिसणारा आकडा आधी जुळवून बघा. मग बदल पकडतो का ते बघा, पण व्हर्च्युअल मशिनमध्येच. रूट म्हणून पिड_मॅक्समध्ये ६५५३६ लिहा, प्रोग्रॅम चालवा, जुना आकडा परत ठेवा. ३०० लिहून बघितलंत तर कर्नल ई-इनव्हॅल देऊन नकार देईल, कारण किमान मान्य किंमत ३०१ आहे. खरोखर ३०१ लिहिण्याचा प्रयोग मात्र नको. मोकळा क्रमांक न उरल्याने नवी प्रोसेस निघणं बंद होतं, आणि आकडा परत वाढवायला जो आदेश द्यायचा त्यालासुद्धा बहुधा प्रोसेस लागते.

मर्यादा ‘प्रयोगाने’ शोधायची म्हणून लूपमध्ये फोर्क (नवी प्रोसेस काढणारं फंक्शन) करत सुटायचं आणि कुठे अडतं ते मोजायचं, ही युक्ती अजिबात वापरू नका. त्यातून पिड_मॅक्स कळत नाही, जी मर्यादा आधी लागली तिचाच आकडा मिळतो. वर मशिन ठप्प होतं आणि तुमच्याबरोबर त्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचं काम अडतं.

फोर्क अपयशी झाला तर

फोर्क उणे १ परत देतो तेव्हा सगळ्यात आधी एक धोका टाळा. ही उणे १ किंमत व्हेरिएबलमध्ये तशीच राहिली आणि पुढे सफाई करताना ते व्हेरिएबल किलला (प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनला) दिलं, तर किलच्या भाषेत उणे १ म्हणजे ‘मला सिग्नल पाठवायची परवानगी आहे अशा सगळ्या प्रोसेस’. साध्या यूजरचं अख्खं सेशन बंद पडतं. रूट म्हणून चाललेला प्रोग्रॅम जवळजवळ सगळं मशिन खाली आणतो. ० दिलं तर सिग्नल आपल्याच प्रोसेस ग्रुपला जातो. म्हणून किलच्या आधी पीआयडी ० पेक्षा मोठा आहे का ही तपासणी हवीच. पीआयडी लॉक फाइलमधून वाचत असाल तर दुपटीने हवी: रिकामी फाइल, त्यावर तपासणीविना स्ट्रटूएल, हाती आलं ०, आणि प्रोग्रॅमने स्वतःलाच संपवलं, असं सहज घडतं. वाचलेली संख्या १ ते टाइपची कमाल या हद्दीत असेल तरच ती पीआयडी म्हणून स्वीकारा.

आता कारण. इरनो ई-अगेन असेल तर वरच्या मर्यादांपैकी कुठलीतरी भरली आहे, पण कुठली ते इरनो सांगत नाही. /प्रॉक/लोडअ‍ॅव्हग वाचा. समजा ओळ अशी आहे: ०.४२ ०.३५ ०.३० २/११८७ ४०२१५. तिरक्या रेघेनंतरचा ११८७ हा सगळ्या मशिनवर सध्या असलेल्या प्रोसेस आणि थ्रेडचा एकूण आकडा, आणि शेवटचा ४०२१५ हा सर्वांत अलीकडे दिलेला पीआयडी. एकूण आकडा थ्रेड्स-मॅक्स किंवा पिड_मॅक्सच्या जवळ असेल तर मशिनच भरलंय. शेवटचा पीआयडी पिड_मॅक्सच्या जवळ दिसला म्हणून घाबरू नका, तो फक्त फेरी संपत आल्याचं सांगतो. एकूण आकडा सिसइन्फो फंक्शनमधूनही मिळतो, पण तिथला प्रॉक्स हा रकाना १६ बिटांचा आहे; ६५,५३५ च्या पुढे गेला की तो पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखा दिसतो आणि गच्च भरलेलं मशिन मोकळं वाटतं.

मशिन भरलेलं नसेल तर सीग्रुपची पिड्स.करंट आणि पिड्स.मॅक्स शेजारी ठेवून बघा, प्रत्येक पातळीवर. इथे अडलं असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये पिड्स कंट्रोलरने फोर्क नाकारल्याची नोंदही सापडू शकते. तिथेही जागा असेल तर उरला यूजर: त्याच यूजरच्या नावावर इतर सेशनमध्ये, इतर सर्व्हिसमध्ये किती थ्रेड चालू आहेत ते मोजा. दोन सर्व्हिसेस एकाच यूजरखाली चालवल्या की एकीने थ्रेड वाढवल्यावर दुसरीचा फोर्क अडतो, आणि दुसरीच्या लॉगमध्ये कितीही शोधलं तरी कारण मिळत नाही.

इरनो ई-नोमेम असेल तर बहुधा मेमरीच कमी आहे. अपवाद एक: नव्या पीआयडी नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस, म्हणजे आतली १ क्रमांकाची, संपली असेल तर त्या नेमस्पेसमध्ये पुढचा प्रत्येक फोर्क ई-नोमेमच देतो. कितीही मेमरी वाढवली तरी तो सुटत नाही. नेमस्पेस नव्याने काढावी लागते.

क्रमांक पुन्हा वापरले जातात हेही हिशेबात धरा. पिड_मॅक्स ३२७६८ असलेल्या, भराभर छोट्या प्रोसेस काढणाऱ्या मशिनवर फेरी लवकर पूर्ण होते, आणि तुम्ही जपून ठेवलेला पीआयडी भलत्याच प्रोसेसचा झालेला असू शकतो. स्वतः काढलेल्या प्रोसेसबाबत ही भीती वेटपिड करेपर्यंत, म्हणजे ती संपल्याची नोंद घेईपर्यंत, नसते, तोवर कर्नल तो क्रमांक दुसऱ्या कोणाला देत नाही. इतरांच्या प्रोसेससाठी कर्नल ५.३ पासून पिडएफडी_ओपन आहे: ते प्रोसेसचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या गोष्टीला धरून ठेवणारा क्रमांक) देतं. तो घेतल्यावर एकदा खात्री करा की प्रोसेस तीच आहे, आणि मग सिग्नल पिडएफडी_सेंड_सिग्नलने पाठवा. मूळ प्रोसेस तोवर संपली असेल तर ई-एसआरसीएच मिळतो, दुसऱ्या कोणाला सिग्नल जात नाही.